आमचा चालू वर्तमानकाळ

ऑक्टोबर आला की माझं डोकं तापतं, आणि ते उन्हानं नव्हे. ऊन मी जन्मभर सोसलं आहे. कळमनुरीच्या आमच्या घरामागे सोयाबीन काढायला सुरुवात झाली की मळणीयंत्राचा भुसा दारंखिडक्या लावल्या तरी ताटात येऊन बसतो, घसा खवखवतो, आणि मला कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटू लागतं. घरचे म्हणतात, भुशाची ॲलर्जी आहे. असेलही. पण भुसा आला तो अलीकडे. हा राग फार जुना आहे, आमच्या शिवारात सोयाबीनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाचा.

या वर्षी त्याला तोंड फुटलं ते प्रज्ञामुळे. प्रज्ञा माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनअक्काची, नात. नर्सिंग झालं आहे, आता तिला परदेशी जायचं आहे, आणि तिकडच्या दवाखान्यांना आधी तिची इंग्रजी तपासून हवी आहे. ऐकणं, बोलणं, लिहिणं तिला जमतं. गाडी अडते ती वाचनात. नांदेडच्या त्यांच्या घरी गोंगाट फार, म्हणून अभ्यासासाठी माझ्याकडे राहायला आली. सकाळी उठून मोबाइलवर घड्याळ लावते आणि लांबलचक उतारा वाचायला घेते. कधी मधमाश्या, कधी हिमनद्या, कधी कुठल्याशा देशातला काचेचा कारखाना. खाली विधानं असतात, आणि प्रत्येकापुढे ठरवायचं असतं: खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलंच नाही. खरं-खोटं तिला येतं. 'दिलेलं नाही' तिथे ती हमखास चुकते, कारण जे लिहिलेलं नसतं तेही तिला दिसतं. मला विचाराल तर हा गुण आहे. परीक्षेत त्याला मार्क नाहीत.

परवा मी ओसरीत लसूण सोलत बसले होते आणि आतून तिच्या क्लासच्या मॅडमचा आवाज येत होता. मोबाइलवरचा वर्ग. मॅडम म्हणाल्या, "वाचताना मनातल्या मनात मराठी करणं बंद करा. तुमची मराठी वाटेत येते."

"काय म्हणाली ती?" मी तिथूनच ओरडले. "मराठी काय म्हैस आहे, वाटेत यायला?"

"आजी, हळू! ऐकू जातंय त्यांना."

"जाऊ दे की. त्यासाठीच बोलले."

"तसं नाही गं. वाचायचा वेग कमी होतो, एवढंच म्हणतायत त्या."

प्रज्ञानं आवाज बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत बसली. मॅडम बिचारी चूक बोलत नव्हती, हे मलाही कळतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. एकेक शब्द उचलून त्याची मराठी करत बसलं तर घड्याळ पुढे निघून जातं, खरं आहे. पण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि ज्यांनी ऐकवलं त्यांना वेगाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. रेशनवरच्या परदेशी मिलोची लाल भाकरी सुटून पुन्हा ज्वारीची भाकरी ताटात आली होती. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे परभणीत मोडायचो. आम्ही आखाडा बाळापूरला राहत होतो. बाबा बांधकाम खात्यात मैलकुली, म्हणजे आपल्या वाट्याच्या रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. माय दुसऱ्यांच्या रानात मजुरीला. थोरली अक्का, पाठची मी.

ऑक्टोबर हा तेव्हा नापासांचा महिना होता. मार्चला जग परीक्षेला बसायचं, आणि जे गळायचे ते ऑक्टोबरला. गावातल्या बायका मायला विचारायच्या, "सुमी काय करून राहिली आता?" माय म्हणायची, "ऑक्टोबरला बसली." जणू ऑक्टोबर हा एखादा पार होता आणि अक्का त्याच्यावर जाऊन बसली होती. बहुतेकांचा एकच विषय अडलेला असायचा. 'इंग्रजी राहिली' असं म्हणायची पद्धत होती. गणित निघालं, इतिहास निघाला, इंग्रजी राहिली. अक्काची दोनदा राहिली होती.

कापूस तेव्हाच फुटायचा. पहाटे दव, दुपारी कातडी सोलणारं ऊन, आणि वेचणीला गेलेल्या बायकांच्या बोटांना बोंडांचे काटे लागून रक्त निघायचं. अक्का मायबरोबर वेचणीला जायची आणि तिसऱ्या प्रहरी ओटीतला कापूस मोकळा करून शाळेत, पावसाळ्यापासूनच चालू असलेल्या नापासांच्या जादा तासाला. वयात आलेल्या पोरीनं संध्याकाळी एकटीनं यायचं नाही, म्हणून मला तिच्याबरोबर धाडायचे. मी मागच्या बाकावर बसून फुकटात मॅट्रिकची इंग्रजी ऐकायची.

नापास झाली म्हणून कुणी एवढं जिवाला लावून घेत नव्हतं त्या काळी, पोरींचं तर नाहीच. आमच्या घरात घेतलं, त्याचं कारण एक नर्सबाई. दुष्काळात गावात लस टोचायला यायची. पांढरी साडी, काळी पेटी. आमच्या बौद्धवाड्यात यायची, पोरांना टोचायची, आणि त्याच पायांनी वरच्या आळीत जायची. तिथे ती ओसरीत थांबायची नाही. बाळंतीण जिथे असेल तिथे, चुलीपर्यंत आत. बाबांनी एकदा तिला गाव विचारलं, आडनाव विचारलं. ती आमच्यातलीच निघाली. त्या दिवशी बाबा जेवताना मायला म्हणाले, "ह्या कपड्याला कोन्ही दार लावत न्हाई बघ. सुमीला नर्स करायची."

नर्सिंगला मॅट्रिक लागत होतं. मॅट्रिकला इंग्रजी. दोनदा राहिल्यावर बाबांचंही अवसान गळत आलं. साखऱ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, पाव्हणा साधा होता, कोरडवाहू रानात राबणारा, वाईट म्हणावं असं काही नव्हतं त्याच्यात. बाबा म्हणाले, "ह्या ऑक्टोबरला निघाली तर नर्स. न्हाई तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी पाव्हन्याला व्हय म्हनून टाकतो. किती दिस थांबवू लोकांला?"

अक्का शाळेच्या वाटेवर मला म्हणाली, "शोभे, मायची बोटं पाह्यली का तू? मला दुसऱ्याच्या रानात वाकून मरायचं न्हाई."

इतकं सगळं एका विषयावर टांगलेलं, आणि तो विषय शिकवायला आलेले सर! पुण्याकडचे होते. आमच्याकडे बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा असं त्यांना वाटायचं, आणि ती शिक्षा भोगायची मात्र आम्ही. उतारा वाचायचा कसा हे त्यांनी एकदाही शिकवलं नाही. गाइड उघडायचे आणि शब्दार्थ पाठ करून घ्यायचे. "ॲंक्शस म्हणजे चिंताक्रांत. रिलक्टंट म्हणजे अनुत्सुक. डिलिजंट म्हणजे उद्यमशील." आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. एका संध्याकाळी अक्कानं हात वर केला.

"सर, उद्यमशील म्हंजे काय ओ?"

सरांनी गाइड मिटलं. "मराठी येत नाही आणि इंग्रजी शिकायला निघाली!"

एक कुलूप उघडत नाही म्हणून हातात दुसरं कुलूप द्यायचं आणि वर म्हणायचं, किल्ली सांभाळता येत नाही तुला. 'कामसू' म्हणाले असते तर काय बिघडत होतं? आमचं सगळं गाव कामसू माणसांनी भरलेलं होतं. त्यांच्यातल्या एकालाही आपण उद्यमशील असल्याची खबर नव्हती.

मग तो घोड्याचा दिवस. पेपरात तेव्हा उताऱ्यावरचे प्रश्न इंग्रजीत सोडवायचे असत आणि चार ओळींचं मराठी करायचं असे. सरांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. लढाई संपलेली आहे, एका शिपायाचा घोडा जखमी होऊन पडला आहे, शेवटचे श्वास घेतो आहे, आणि शिपाई आपल्या टोपीतून त्याला पाणी पाजतो आहे. वर्गातल्या निम्म्यांना घोड्याच्या पलीकडे काही कळलं नव्हतं. अक्काला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा पाहून मला कळलं की तिला कळलं आहे. ती त्या घोड्यासाठी कासावीस झाली होती. सरांनी तिलाच उठवलं आणि तिनं वाचून दाखवलं, "घोडा मरून राहिला होता आणि शिपाई त्याला पानी पाजून राहिला होता."

सर हसायला लागले. "घोडा मरून राहिला! म्हणजे आधी मेला, मग राहिला. आणि हे शिपाईबुवा मेलेल्या घोड्याला पाणी पाजतायत!"

वर्गात हशा फुटला. पोरं बाकं बडवून हसली. कोण होती ती पोरं? आमच्याच गावची, सगळीच्या सगळी. घरी गेल्यावर तीच म्हणणार होती, "माय, भूक लागून राहिली, भाकर दे." सरांचा मला जितका राग आहे त्याहून काकणभर जास्त त्या हसण्याचा आहे.

अक्का खाली बसली नाही. "न्हाई सर, घोडा मेला न्हाई. मरून राहिला. अजून जीव हाय त्याच्यात, म्हनून तर पानी पाजून राहिला."

"मग 'मरत होता' लिही."

"'मरत होता' म्हनलं तर आमच्यात वाटतं, मरता मरता वाचला."

"तुमच्यात काय वाटतं ते तपासणारा विचारायला येणार नाही," सर म्हणाले. "चालू काळ म्हणजे काय तेच तुम्हा लोकांना ठाऊक नाही. तुमची मराठी आडवी येते, त्याला मी काय करू? बस खाली."

चालू काळ आम्हाला ठाऊक नाही! आमच्या आईबापांनी दुसरा कुठला काळ पाहिला होता? भूतकाळ सांगावा असा नव्हता, भविष्यकाळ कुणी देऊ केला नव्हता. खपून राहिले, सोसून राहिले, वाट पाहून राहिले, हाच एक काळ काय तो त्यांच्या हक्काचा. 'करतोय' म्हटलं तर करणारा मध्येच उठून जाऊ शकतो. 'करून राहिला' म्हटलं की तो त्या कामात राहतो, मुक्कामाला असल्यासारखा. सगळी इंग्रजी पालथी घातली तरी त्या काळाला इतकं नेमकं रूप मला सापडलं नाही. आणि त्याच रूपाला लाल शाईची फुली.

आधीच्या दोन वेळा अक्का याच पायी नापास झाली का, हे मला सिद्ध करता येणार नाही. पेपर कुठे जात, कोण तपासत, आम्हाला काय ठाऊक? दोन्ही वेळा ती थोडक्यात गेली होती, आणि दोन्ही वेळा तिला उतारा कळला होता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. इंग्रजीच्या परीक्षेत ती मराठीत नापास झाली असावी. नुसती शंका आहे. पण ती इतकी वर्षं माझ्या घशात अडकून आहे, आणि भुसा तर आत्ता आला.

आणि हो, तुम्ही मनात म्हणत असाल, बाई, तुम्ही स्वतः तर सगळं 'होता' आणि 'आहे'मध्ये लिहिताय. लिहितेय. नाहीतर छापणार कोण? मी बाळापूरच्या मराठीत हा लेख लिहिला असता तर त्याच्या वर 'ग्रामीण' अशी चिठ्ठी चिकटवली असती आणि आत घोडा मेलेलाच धरला असता.

त्या घोड्यानंतर अक्का दोन दिवस तासाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी मला घेऊन गेली ती रशीद मास्तरांकडे. मास्तर आमच्या शाळेतले जुने इंग्रजीचे शिक्षक, तेव्हा निवृत्त झालेले. निजामाच्या काळात उर्दूतून शिकले, इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच. होप म्हणजे उम्मीद, लेबर म्हणजे मेहनत. हे अर्थ गाइडात नसत, पण आम्हाला न सांगता कळत. ते किराणा दुकानाशेजारच्या खोलीत राहायचे आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून वाचत बसायचे. अक्कानं घोड्याची सगळी हकिगत सांगितली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "घोडा तुला दिसला का?"

"दिसला."

"टोपी दिसली?"

"दिसली. तळाला फाटकी असंल, पानी गळून राहिलं असंल, असं बी वाटलं."

"बराबर. मग तुला वाचता येतं, बेटा. आता जरा भराभरा वाचायला शिक."

शेजारच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यात हैदराबादकडची इंग्रजी वर्तमानपत्रं असत. मास्तरांनी अक्काला सांगितलं, पुड्या सोडल्या की कागद जमव आणि ते वाच. त्या कागदांना सुरुवात नसे, शेवट नसे, मधूनच फाटलेले. अक्का कुरकुरली की मास्तर म्हणायचे, "फाटकं वाचता आलं तर साबूत काय अवघड आहे?" शब्द अडला तर अडून बसायचं नाही, ही त्यांची एकच अट. "बाजारात नवा मानूस दिसला तर तू काय करती? त्याला धरून विचारती का, तू कोन? त्याच्या बाजूला कोन उभं हाय ते पाह्यती. बैल घेऊन उभा असंल तर शेतकरी, तागडी असंल तर यापारी. शब्दाचं बी तसंच. बाजूचे पाह्य आन् पुढं चल."

आमच्या इंग्रजीला त्या दिवसांत जिऱ्याचा वास होता. चहाच्या पुडीवर बोटीचा अपघात, मिरचीच्या पुडीवर कुणा राणीची भेट, आणि ती वाचताना डोळ्यांतून पाणी. एकदा एका पुडीवर विहिरीत पडलेल्या लेकराची बातमी होती. लोक जमले, दोर सोडला, आणि तिथेच कागद फाटलेला. अक्काला चैन पडेना. उरलेला तुकडा कुणाच्या घरी गेला असेल म्हणून तिनं दुकानदाराला विचारलं, मग त्यानं सांगितलेल्या दोन घरी जाऊन आली. दुसऱ्या घरची म्हातारी दारातच म्हणाली, "पुडी दे म्हंती? काय येडी झाली का गं पोरी?" पण त्या म्हातारीलाही लेकराचं ऐकल्यावर राहवलं नाही. तिनं चुलीपासचा कागद शोधून आणून दिला. अक्कानं उभ्याउभ्या वाचला आणि मराठीत सांगितला. लेकरू निघालं होतं, जिवंत. म्हातारी म्हणाली, "बरं झालं मा," आणि आम्हाला गूळ दिला. वाचनाची परीक्षा म्हणजे याहून वेगळं काय असतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पुढे अक्का भराभर वाचू लागली. मास्तर तोंडी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची, आणि दोघंही खूश असायचे. परीक्षा जवळ आली तेव्हा एका दुपारी मास्तर खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, "एक बात सांगतो, मनाला लावून घेऊ नको. समझना अपनी जबान में. लिखना उनकी जबान में."

"काहून?" अक्कानं विचारलं. "माझं चुकलं कुठं?"

"कुठं बी न्हाई. पन कलम त्यांच्या हातात हाय, बेटा."

मास्तरांवरसुद्धा मला राग आला होता, खरं सांगते. मला वाटलं होतं ते म्हणतील, लिही तुझ्याच बोलीत, बघू कोण फुली मारतो. म्हणाले नाहीत. ते सत्तर वर्षांचे होते आणि राजवट बदलली की कुठली भाषा कोपऱ्यात जाऊन बसते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

त्या दिवसापासून अक्का वेचणीला गेली की कापसाच्या ओळीतून पुटपुटत चालायची. "जात आहे. येत आहे. वेचत आहे. मरत आहे." बायकांना करमणूक झाली. "सुमे, कोन्हाशी बोलून राहिली गं?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "बोलून राहिली म्हनू नको माय. बोऽलत आऽहे." सगळ्या रानभर हसू पसरलं. मायही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं मला हळूच विचारलं, "शोभे, ते बोलनं परीक्षेपुरतंच हाय ना?"

"व्हय," मी म्हणाले. मला तेच खरं वाटत होतं.

परीक्षेचं केंद्र कळमनुरीला. बाबांनी खाडा करून तिला बसनं नेलं आणि पेपर संपेपर्यंत शाळेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. उतारा कशावर होता हे अक्कानं घरी कुणालाच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "सगळ्या जागी 'त होता' लिहिलं." पुढे दिवाळी झाली, कापूस संपला, थंडी पडली, साखऱ्याचा पाव्हणा एकदा येऊन चहा पिऊन गेला. निकाल लागला त्या दिवशी बाबा रस्त्यावरच होते. मी पळत जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि म्हणाले, "निघाली?" निघाली होती. रशीद मास्तरांनी दुकानातून पेढे आणून स्वतः वाटले. सर एव्हाना बदली करून घेऊन त्यांच्या मुलखात परत गेले होते. ते आज हयात असतील तर आपल्या शिकवण्यानंच ती पास झाली असं म्हणत असतील, आणि यात खोटं काही नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

प्रज्ञाला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "पण आजी, शेवट चांगलाच झाला ना? आजीला नर्स होता आलं." तिची आजी, म्हणजे अक्का. हो, झालं. पांढरी साडी नेसली, काळी पेटी घेतली, वरच्या आळ्यांतल्या चुलींपर्यंत गेली, शेकडो लेकरं तिच्या हातावर जन्मली. बाबांनी ते पाहिलं आणि सुखानं डोळे मिटले. मला त्याचा आनंद नाही असं कोण म्हणतं? पण पोरी, तू परीक्षेच्या उताऱ्याखाली जशी चुकतेस तशीच मीही चुकते. जे लिहिलेलं नाही ते मला दिसतं.

ते बोलणं परीक्षेपुरतं नव्हतं. ट्रेनिंगच्या हॉस्टेलात पोरी हसत म्हणून तिनं ते ठेवलं, दवाखान्यात डॉक्टर हसत म्हणून ठेवलं, आणि मग तेच तिच्या जिभेचं झालं. पहिल्या सुट्टीला ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी येत आहे." माय अंगणात भांडी घासत होती. तिनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, कुणाला म्हणतेय ही? हे बोलणं दोनचार दिवसांत जाईल, असं आम्हाला वाटलं. गेलं नाही. अक्का काही तोऱ्यात आलेली नव्हती, पगारातला पैसा घरी द्यायची, मायचे पाय चेपायची. फक्त तिच्यातून आमचा आवाज निघून गेला होता. तिच्यावर चिडावं तर तिनं काय केलं होतं? जे सांगितलं ते शिकली. उद्यमशील होती.

प्रज्ञाला मी सांगितलं आहे, परीक्षेत मनातली मराठी बाजूला ठेव, काही हरकत नाही, घड्याळ असतं. पण दाराबाहेर काढू नकोस. ती "हो आजी" म्हणाली आणि पुन्हा हिमनदीत शिरली.

माय शेवटची आजारी पडली तेव्हा अक्का ज्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती तिथेच तिला ठेवलं. मी उशाशी होते. मायची शुद्ध चांगली होती, डोळे चांगले होते, माणसं नीट ओळखत होती. सकाळी अक्का खाटेपाशी आली, नाडी पाहिली, कपाळावर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "आई, आता कसं वाटत आहे? रात्री झोप लागली का?"

"लागली बाई," माय म्हणाली. "तुमी जेवल्या का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "माय, अक्का हाय ही. 'तुमी' काय म्हनून राहिली तिला?"

"माह्यतंय मला अक्का हाय ते," माय म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "काय करू? तिचं बोलनं ऐकलं की तोंडातून 'तुमी'च निघतं."

अक्कानं ऐकलं. तिनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला गेली, आणि कोणत्या बोलीत म्हणावं ते सुचेना म्हणून तशीच उभी राहिली.

"उभ्या काहून?" माय तिला म्हणाली. "बसा की." आणि ज्या लेकीला तिनं पोटाशी धरून वाढवलं होतं तिला बसायला जागा व्हावी म्हणून, साहेबाघरचं कुणी आलं की आमची माणसं आखडतात तसे, तिनं आपले दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.